किडनी कमी पडतात, मग मागायचं नेमकं काय?

डायलिसिस चार तास चालतं. आत आपला माणूस मशीनला जोडलेला, बाहेर बाकांवर आपण. आमची सोमवार-गुरुवारची बॅच तीन वर्षं तीच आहे, त्यामुळे कोणाचं क्रिएटिनिन किती आणि कोणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, दोन्ही सगळ्यांना ठाऊक असतं. त्या बाकावरच ठरलं की हिवाळी अधिवेशनाच्या आधी आमदारांना निवेदन द्यायचं. विषय एकच: किडनी मिळत नाहीत.

मागणी काय करायची यावर मात्र लगेच चार पक्ष पडले. एक काका म्हणाले, स्पेनसारखा कायदा करा. ज्यानं नकार लिहून दिला नाही तो दाता धरायचा. दुसऱ्यांचं म्हणणं, पैसे देऊन घ्यायला सरळ परवानगी द्या, लपूनछपून चालतंच ना. एका ताईंना वाटतं, ज्यानं अवयवदानाचा फॉर्म भरलाय त्यालाच आधी किडनी मिळावी. चौथा पक्ष माझा. नवऱ्याचा रक्तगट ए, माझा बी. आम्ही स्वॅपच्या, म्हणजे दुसऱ्या जोडीशी किडनीची अदलाबदल करायच्या, यादीत आहोत, तेव्हा माझा स्वार्थ कुठे आहे ते आधीच सांगून टाकते.

मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिहायला बसले तेव्हा कळलं की चारही मागण्यांपैकी नीट अशी एकही आम्हाला माहीत नव्हती. तुमच्याही गटात, संस्थेत किंवा घरात हा वाद होणार असेल, तर मी जे पडताळलं ते इथे मांडते.

तोटा केवढा

देशात दरवर्षी सुमारे दोन लाख लोकांच्या किडन्या नव्यानं निकामी होतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. २०२३ मध्ये देशभरात किडनी प्रत्यारोपणं झाली १३,४२६. त्यांतल्या जेमतेम सोळाशे किडन्या मृत्यूनंतर दिलेल्या होत्या. बाकी सगळ्या जिवंत माणसांच्या, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्याच कोणाच्या तरी.

मृत्यूनंतर अवयव देणारे त्या वर्षी संपूर्ण भारतात १,०९९ होते. दहा लाख लोकांमागे एकसुद्धा पडत नाही. स्पेनमध्ये २०२४ साली हाच आकडा दहा लाखांमागे ५२ च्या वर होता.

आणखी एक आकडा मला रात्री झोपू देईना. २०२३ मध्ये भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. आमच्या बाकावर नजर फिरवली तरी हे दिसतं. तपासण्यांची फाइल घेऊन बसलेल्या बायका आणि आया. ‘घरात कोण देतंय?’ असं डॉक्टर विचारतात, तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेनं वळतात.

म्हणून कोणतंही धोरण तपासताना मी दोन प्रश्न विचारले. ते जिवंत दात्यांकडून किडनी वाढवणार आहे की मृत्यूनंतरच्या दात्यांकडून? आणि जिवंत दात्यांकडून असेल, तर ती कोणाच्या पोटातून येणार आहे?

गृहीत संमती: काकांचा स्पेन

कल्पना सोपी आहे. आपल्याकडे हो म्हणावं लागतं. तिकडे नाही म्हणावं लागतं. माणसं आळशी असतात, फॉर्म भरत नाहीत, मग त्या आळसाचा फायदा रुग्णांना का होऊ नये? या बाजूनं नेहमी दाखवला जातो तो जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा आकडा. भाषा एक, शेजारी देश. २००३ साली गाजलेल्या तुलनेत, हो म्हणावं लागणाऱ्या जर्मनीत संमती १२ टक्के होती आणि नाही म्हणावं लागणाऱ्या ऑस्ट्रियात जवळजवळ १००.

हा आकडा ऐकून मीही काकांच्या बाजूला झुकले होते. पण तो कागदावरच्या संमतीचा आहे. किती जणांनी प्रत्यक्ष अवयव दिले, हे त्यातून कळत नाही. ऑस्ट्रियात शंभरातले शंभर मेल्यावर दाते होत नाहीत. दाता व्हायला माणूस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर, मेंदूचं काम पूर्ण थांबलेल्या, म्हणजे मेंदूमृत्यूच्या, अवस्थेत असावा लागतो, आणि ते कोणीतरी वेळेत ओळखावं लागतं.

खुद्द स्पेनचा इतिहास काकांच्या विरोधात जातो. तिथला गृहीत संमतीचा कायदा १९७९ चा. दहा वर्षं तो पुस्तकात होता आणि दात्यांचं प्रमाण १९८९ मध्ये दहा लाखांमागे साधारण १४ होतं. त्या वर्षी राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिली आणि आकडा चढायला लागला तो त्यानंतर. आजही स्पेनमध्ये डॉक्टर कुटुंबाला विचारतात, आणि कुटुंब नाही म्हणालं तर अवयव घेत नाहीत. आमचं यश कायद्यामुळे नाही, असं मातेसान्स स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले.

ब्रिटनचा अनुभव ताजा आहे. वेल्सनं डिसेंबर २०१५ पासून कायदा बदलला, इंग्लंडनं मे २०२० पासून. इंग्लंडमध्ये बदलाच्या आधी विचारलेल्या कुटुंबांपैकी साधारण दोन तृतीयांश हो म्हणत. नंतरच्या वर्षांत ते प्रमाण वाढायच्या ऐवजी साठ-बासष्ट टक्क्यांवर घसरलं. मधल्या कोविडचा त्यात वाटा आहेच. तरी नुसत्या कायद्यानं वाढ होते असं म्हणायला तिथे आधार सापडत नाही. एक मानसिक अडचणही निर्माण झाली. पूर्वी माणसानं स्वतः भरलेला फॉर्म दाखवून डॉक्टर सांगू शकत, ‘त्यांची ही इच्छा होती.’ आता सांगावं लागतं, ‘त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.’ आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या बापाला या दोन वाक्यांतला फरक कळतो.

आपल्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र ब्राझीलचं. १९९७ मध्ये त्यांनी कडक गृहीत संमती आणली. सरकारी रुग्णालयांवर लोकांचा आधीच भरवसा नव्हता; ‘जिवंतपणीच अवयव काढतील’ ही भीती पसरली आणि ओळखपत्रावर नकार नोंदवायला रांगा लागल्या. १९९८ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. आपल्याकडे बिलावरून रुग्णालयाच्या काचा फुटतात. तिथे ‘तुमच्या मुलाच्या किडन्या कायद्यानं आम्ही गृहीत धरल्या आहेत’ हे वाक्य कोण, कोणत्या तोंडानं बोलणार?

आणि यावर आणखी एक कुलूप आहे, ज्याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. आरोग्य हा राज्यांचा विषय असताना १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेनं केला, कारण महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशच्या विधानसभांनी तसे ठराव केले. ४ फेब्रुवारी १९९५ ला तो आधी याच तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. राज्यघटनेच्या कलम २५२ प्रमाणे असा कायदा नंतर राज्याची विधानसभा बदलू शकत नाही. बदल संसदेतूनच व्हावा लागतो. म्हणजे गृहीत संमतीचं निवेदन घेऊन नागपूरला जाणं म्हणजे तलाठ्याकडे पासपोर्ट मागण्यासारखं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मग खासदारांना देऊ.

पैसे देऊन: इराण, आणि आपलं चेन्नई

इराणनं १९८८ पासून हे उघडपणे केलं. जगात सरकारमान्य पद्धतीनं जिवंत, नात्याबाहेरच्या दात्याला मोबदला देणारा तो एकमेव देश. दलाल नाहीत, रुग्णांचीच संघटना दाता आणि रुग्ण यांची गाठ घालून देते. सरकार ठरावीक रक्कम ‘भेट’ म्हणून आणि वर्षभराचा आरोग्य विमा देतं, वरची रक्कम रुग्णाकडून ठरते. परदेशी माणसाला इराणी किडनी घेता येत नाही, त्यामुळे श्रीमंत पर्यटकांचा बाजार झाला नाही. १९९९ पर्यंत प्रतीक्षा यादी संपल्याचा दावा तिथल्या डॉक्टरांनी केला.

हे वाचून बाकावरच्या कोणाचाही जीव खालीवर होईल. माझाही झाला. यादी संपली! पण ज्यांना डायलिसिसच मिळालं नाही ते गावाकडचे रुग्ण त्या यादीत नव्हतेच, हा आक्षेप तिथल्याच अभ्यासकांनी घेतला. दाते बहुतांशी गरीब. सरकारी भेटीची रक्कम महागाईत झिजत गेली आणि खरा भाव खासगीत ठरू लागला. रुग्णालयांजवळच्या भिंतींवर रक्तगट आणि फोन नंबर लिहिलेले दिसू लागले. शेवटी इराणनंही २००० मध्ये मेंदूमृत्यूचा कायदा करून मृत्यूनंतरच्या दानाकडे मोर्चा वळवला.

आपल्याला तेहरानला जायची गरजच नाही. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांच्या मुलाखती २००१ मध्ये घेतल्या गेल्या आणि २००२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुसंख्य स्त्रिया. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. हातात पडलेली सरासरी रक्कम होती १,०७० डॉलर, कबूल केलेल्यापेक्षा कमी. विकल्यानंतर कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशानं घटलं, आणि तीन चतुर्थांश लोक मुलाखतीच्या वेळीही कर्जातच होते. दुसऱ्याला असं करायला सांगाल का, यावर ७९ टक्के नाही म्हणाले.

याला उत्तर दिलं जातं की तो काळाबाजार होता, नियमन असतं तर असं झालं नसतं. असेल. पण आपल्याकडे नियमन म्हणजे काय ते आपण रोज बघतो. आजही नात्याबाहेरचा दाता असेल तर प्राधिकार समितीपुढे ‘प्रेम आणि जिव्हाळा’ सिद्ध करावा लागतो. २०११ च्या दुरुस्तीनं व्यापारासाठी पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे. तरी खोट्या कागदांवर खोटे नवरा-बायको उभे केल्याची प्रकरणं निघतातच. जी यंत्रणा हे बनावट जिव्हाळे ओळखू शकत नाही, तीच उद्या योग्य भाव आणि खरी स्वेच्छा ओळखेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

अमेरिकेत एक वेगळी वाट सुचवली गेली. तिथे १९८४ पासून अवयवांच्या खरेदीविक्रीला बंदी आहे. अनोळखी माणसाला किडनी देणाऱ्याला पाच वर्षं दरवर्षी दहा हजार डॉलर कर-सवलतीच्या रूपानं द्यावेत, असं विधेयक तिथे मांडलं गेलं. पैसा रुग्ण देत नाही, सरकार देतं. एकदम हातात पडत नाही, त्यामुळे सावकार दारात बसलेला माणूस त्याकडे धावत येणार नाही. विचार हुशारीचा आहे. पण जिथे बहुतेक लोक आयकराचं विवरणपत्रच भरत नाहीत, तिथे त्याचं काय होणार?

किंमत आणि खर्च यांत मात्र गल्लत करू नये. दात्याची बुडालेली मजुरी, प्रवास, पुढच्या तपासण्या भरून देणं हा मोबदला नव्हे. इस्रायल जिवंत दात्याची बुडालेली कमाई देतं. आपल्याकडे २०२३ पासून केंद्रीय कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी ४२ दिवसांची खास रजा मिळते. छान आहे. पण रजा त्यालाच मिळते ज्याला पगार आहे. आमच्या बॅचमधल्या एक आई, ज्यांनी मुलाला किडनी दिली, त्या भाजी विकतात. त्यांच्या ४२ दिवसांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

जो देईल त्याला आधी

ताईंची ही मागणी न्यायाची वाटते, आणि बाकावर तिला सगळ्यांत जास्त माना डोलल्या. इस्रायलनं २००८ मध्ये तसा कायदा केला आणि २०१२ पासून वाटपात लावला. कार्डावर सही केलेल्याला, त्याच्या जवळच्या नातेवाइकांना यादीत प्राधान्य. आणि ज्यांनी आपल्या मृत माणसाचे अवयव दिले त्या कुटुंबाला त्याहून वरचं. कार्ड भरणारे वाढले, संमतीही सुधारली. सिंगापूरचा १९८७ चा कायदा उलट्या बाजूनं तेच करतो: नकार नोंदवलास तर तुला गरज लागेल तेव्हा तू मागे.

फट लगेच दिसली. इस्रायलच्या कार्डावर ‘धर्मगुरूची परवानगी असेल तर’ अशी अट घालायची सोय आहे. सही करा, प्राधान्य मिळवा, आणि शेवटच्या क्षणी धर्मगुरू नाही म्हणतील.

आपल्याकडे याचं एक सौम्य रूप सुरू झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय अवयव आणि ऊती प्रत्यारोपण संस्थेनं, म्हणजे ‘नोटो’नं, राज्यांना सूचना दिल्या. वाटपात स्त्री रुग्णांना आणि ज्यांच्या घरच्यांनी मृत्यूनंतर अवयव दिले त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्या. माझ्या मते यातला दुसरा भाग बिनदिक्कत घ्यावा. ज्या घरानं प्रत्यक्ष दिलं त्या घराचं ऋण असतं. नुसत्या फॉर्मवर गुण देणं वेगळं. ऑनलाइन प्रतिज्ञा २०२३ पासून आधारशी जोडून करता येते, पण ती करतो कोण? स्मार्टफोन असलेला, मराठी-इंग्रजी वाचणारा. गडचिरोलीचा डायलिसिस रुग्ण त्या गुणांत मागे पडेल, आणि त्याच्या मनात दान नव्हतं म्हणून नाही. शिवाय कागदावर त्या सहीला अर्थ असला, तरी व्यवहारात कुटुंब नाही म्हणालं की विषय संपतो.

स्वॅप: माझा पक्ष

मला नवऱ्याला किडनी द्यायचीय, रक्तगट आडवा येतो. दुसऱ्या गावात एखादा बी गटाचा रुग्ण आणि ए गटाची त्याची बायको असेल, तर माझी त्याला आणि तिची माझ्या माणसाला. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी, म्हणजे एकाला मिळाल्यावर दुसऱ्यानं माघार घेऊ नये. २०११ च्या दुरुस्तीनं आपल्याकडे हे कायदेशीर झालं. अशा अदलाबदलीच्या जुळणीची पद्धत बसवण्यात अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅल्विन रॉथ यांचा मोठा हात आहे. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. भारतात अहमदाबादच्या सरकारी किडनी संस्थेनं हे काम सातत्यानं केलंय, मुंबईतही स्वॅपची नोंदणी चालते.

आपल्याकडे याला एक नैसर्गिक फायदा आहे. युरोपात बी रक्तगट तुरळक, भारतात भरपूर. त्यामुळे ए-बी आणि बी-ए अशा आरशातल्या जोड्या आपल्याकडे जास्त सापडायला हव्यात. अडतं कुठे? प्रत्येक रुग्णालयाची यादी आपापल्या कपाटात. माझी आरशातली जोडी कदाचित तीस किलोमीटरवर दुसऱ्या बाकावर बसलीय आणि मला ते कळायचा मार्ग नाही. एप्रिल २०२५ मध्ये ‘नोटो’नं राज्यांना देशभर एकसारखा स्वॅप कार्यक्रम राबवायला सांगितलं. राज्यात सगळ्या केंद्रांची एकच यादी करायला ना नवा कायदा लागतो ना मोठा पैसा.

पण प्रामाणिकपणे लिहायचं तर दोन गोष्टी याच्या विरोधात आहेत. ओ गटाच्या रुग्णांना स्वॅपचा उपयोग कमी. ओ गटाचा दाता कोणालाही देऊ शकतो, तो सरळ आपल्या माणसाला देऊन मोकळा होतो, यादीत येतच नाही. ओ रुग्ण मात्र यादीत साठत जातात. आणि दुसरी: स्वॅप वाढलं की बायकांच्या किडन्यांची अदलाबदल वाढते. दोन्ही बाजूंना दाता बहुधा बायकोच. मी आनंदानं देणार आहे, तरी हे लिहायला हवं.

ज्याची मागणी बाकावर कोणीच केली नव्हती

स्पेननं १९८९ नंतर काय केलं, तर प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक समन्वयक नेमला. हा बहुधा आयसीयूतलाच डॉक्टर, उरलेल्या वेळात हे काम करणारा. कोण दाता होऊ शकेल ते ओळखायचं, मेंदूमृत्यूच्या तपासण्या वेळेत करवून घ्यायच्या, कुटुंबाशी बोलायचं, आणि दाता हातचा का गेला याचा हिशेब ठेवायचा. बोलायचं कसं याचं शिक्षण. ‘तुमचा माणूस गेलाय’ हे आधी, नीट, वेळ देऊन. दानाचा विषय त्यानंतर. तिथे आज विचारलेल्या शंभरातली ऐंशीच्या वर कुटुंबं हो म्हणतात.

हे युरोपातच जमतं असं वाटत असेल तर तमिळनाडू बघा. २००८ मध्ये त्या राज्यानं कायदा बदलला नाही, बदलू शकतही नव्हतं. शासकीय आदेश काढले: मेंदूमृत्यू जाहीर करणं बंधनकारक, वाटपाचे नियम उघड, समन्वयक प्रशिक्षित. त्याच वर्षी एका डॉक्टर दांपत्यानं अपघातात गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव दिले आणि राज्यभर बोलणं सुरू झालं. २०२३ पासून तिथे दात्याचा अंत्यविधी शासकीय इतमामात होतो.

आता आपल्याजवळचे आकडे. २०२३ मध्ये मृत्यूनंतर अवयव देणारे तेलंगणात २५२, तमिळनाडू आणि कर्नाटकात प्रत्येकी १७८, महाराष्ट्रात दीडशेच्या आसपास. तेलंगणाची लोकसंख्या चार कोटींच्या आत, आपली साडेबारा कोटी. कायदा एक, डॉक्टरांच्या पदव्या त्याच, माणसंही काही वेगळ्या मातीची नाहीत. लातूरचा माणूस सीमेपलीकडे बीदरला गेला की उदार होतो असं थोडंच आहे? मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं आपल्याकडे आहेत आणि मुंबईचं केंद्र देशातल्या जुन्यांपैकी. तरी ही अवस्था.

अडतं ते आयसीयूच्या आत. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, आणि सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी. महामार्गावरच्या अपघातातला तरुण जिथे पोहोचतो त्या रुग्णालयात बहुतेक वेळा प्रत्यारोपण होत नाही, समन्वयक नसतो आणि मंडळही नसतं. प्रत्यारोपण करणाऱ्या मोठ्या रुग्णालयाला आपल्या दात्याची एक किडनी स्वतःच्या यादीसाठी मिळते, दुसरी सामायिक यादीत जाते. त्यामुळे त्याला धडपडायला कारण असतं. छोट्याला फक्त कटकट.

याहून खोल एक गाठ आहे. मेंदूमृत्यू हा मृत्यू, हे आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या कायद्यातच स्पष्टपणे म्हटलेलं आहे. कुटुंबानं दानाला नकार दिला की तोच माणूस इतर कागदांच्या दृष्टीनं अधांतरी. व्हेंटिलेटर काढावा तर डॉक्टरला खटल्याची धास्ती, न काढावा तर मृतदेहाचं बिल चालू. मग व्यवहारी डॉक्टर काय करतो? जाहीरच करत नाही. हृदय थांबायची वाट बघतो. ते थांबलं की दोन किडन्या गेल्या, आणि त्या गेल्याची नोंद कुठेच होत नाही. केरळनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून मेंदूमृत्यू ठरवणं आणि अवयवदान या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दान होवो न होवो, मृत्यू तो मृत्यू. हे शासकीय आदेशानं होतं. त्याला संसद लागत नाही.

आमच्या नात्यातला एक मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला तेव्हा मी हे जवळून पाहिलं. रुग्णालय कोणतं ते सांगत नाही. चार दिवस ‘क्रिटिकल आहे’ एवढंच. त्याच्या आईनं स्वतः विचारलं, डोळे तरी देता येतील का? तेव्हा एका सिस्टरनं बाजूला घेऊन सांगितलं की कालच विचारायला हवं होतं. कायद्यानं विचारायची जबाबदारी आयसीयूतल्या डॉक्टरांची असते, हे मला आता, निवेदनाच्या निमित्तानं कळलं.

तर मसुद्यात काय

किडनीबाजार बाद. दुसऱ्या काकांनी कुरकुर केली, पण चेन्नईचे आकडे वाचल्यावर गप्प बसले. गृहीत संमती खासदारांसाठी वेगळ्या कागदावर. मला पटलेली नाही, पण काकांचा हक्क आहे. प्राधान्याचा मुद्दा एका ओळीत: दात्याच्या कुटुंबाला गुण द्या, फॉर्मला नकोत. त्याच्याखाली स्वॅपची राज्यभर एकच यादी आणि रोजंदारीवरच्या जिवंत दात्याची बुडालेली मजुरी. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत मदत मिळते, ती दात्याच्या घरखर्चापर्यंत पोहोचत नाही.

पहिल्या क्रमांकावर मात्र माझा स्वार्थ ठेवला नाही. पहिली मागणी: जिल्हा रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि मोठे आयसीयू असलेली खासगी रुग्णालयं, या सगळ्यांना मेंदूमृत्यू जाहीर करणं बंधनकारक करा, तो दानापासून वेगळा धरा, आणि प्रत्येक ठिकाणी पगारी समन्वयक नेमा. स्वॅपनं माझ्यासारख्या काही जोड्यांचं भागेल. मृत्यूनंतरचा एक दाता दोन माणसांना मशीनवरून उठवतो आणि त्यासाठी कोणत्याही बाईला टेबलावर झोपावं लागत नाही.

आमदारांचे सहायक आकडा विचारणारच: आपल्या जिल्ह्यात असे किती दाते हातचे गेले? तो आमच्याकडे नाही. म्हणून निवेदनाच्या आधी माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज जिल्हा रुग्णालयात टाकलाय, तीनच प्रश्नांचा. गेल्या वर्षी डोक्याला मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन व्हेंटिलेटरवर किती रुग्ण दगावले? त्यांतल्या किती जणांचा मेंदूमृत्यू जाहीर झाला? आणि किती कुटुंबांना विचारलं गेलं? अर्ज साध्या कागदावर चालतो, वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला तीस दिवस. तुमच्या जिल्ह्यातही टाका. प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेतले तरी चालतील.